औरंगाबाद प्रांताचें दारिद्र्य : लोकसंख्या, रोजगार व शिक्षण

जुन्या दप्तरांच्या संग्राहकांस दौलताबादी कागद परिचित आहे. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानचें कागजीपुरा हें त्याचें गांव. त्यावरील मजकुरासाठीं आम्हीं हा कागद जपला. तो करणाऱ्यांच्या चरितार्थाचा विचार क्वचितच केला. हा प्रांत (हल्लींचा छत्रपति संभाजीनगर व भोंवतालचा मुलूख) दरिद्री कां राहिला, असें विचारतां लोकसंख्येच्या वाढीकडे बोट दाखविण्याची चाल आहे. इतिहास तसें सांगत नाहीं.

मलिकंबरानें इ. स. १६१० त खडकी वसविली व पुढें नहरीनें तीस पाणी दिलें. औरंगजेब १६८२ त येथें येऊन राहिला, तेव्हां लष्कर व दरबार यांबरोबर वस्ती वाढली. हिमरू व मशरू विणणारांस गिऱ्हाईक मिळालें. निजामअल्लीनें १७६३ च्या सुमारास राजधानी हैदराबादेस नेली, तेव्हां गिऱ्हाईक गेलें व कारागिरांचा आधार तुटला. म्हणजे माणसें वाढलीं म्हणून दैन्य आलें नाहीं; रोजगार गेला म्हणून आलें. १९०० त मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला. त्यानें कापूस बाहेर जाणें आणि गिरणीचा माल आंत येणें सुलभ झालें.

विद्येचीही हीच गत. कारभाराची भाषा आधीं फारसी, मग उर्दू. १९१८ चें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचें. मराठी मुलास मातृभाषेंतील शिक्षणानें कचेरीचा दरवाजा उघडत नसे. १९५१ च्या शिरगणतींत हैदराबाद राज्यांत साक्षर माणसें शेंकडा दहाच्याही आंत होतीं. मिलिंद महाविद्यालय १९५० त व मराठवाडा विद्यापीठ १९५८ त निघालें; पुढें चिकलठाणा व वाळूज येथें कारखाने आले.

२०११ च्या गणतींत औरंगाबाद जिल्ह्याची वस्ती ३७ लाख व साक्षरता शेंकडा ७९. १९८१ त त्यांतूनच निघालेल्या जालना जिल्ह्याची वस्ती १९॥ लाख व साक्षरता शेंकडा ७१॥. वस्ती थोडी तेथें विद्या अधिक, असें दिसत नाहीं. रोजगाराकडे माणसें जातात व वस्तीमागून शाळा येतात, हाच क्रम आम्हांस अधिक संभवनीय वाटतो.

या क्रमाची परीक्षा सनदांवरून होणार नाहीं. विणकरांचे हिशेब, कागद्यांच्या पावत्या व शाळांचे हजेरीपट यांवरूनच ती होईल. असे कागद रद्दींत जातात. संग्राहकांनीं ते सनदांइतक्याच आस्थेनें राखावेत, अशी आमची विनंती आहे.