हळदीची भिंत

बरेच दिवस ब्लॉगकडे फिरकलो नव्हतो. आज लिहितोय त्याला कारण आमच्या हॉलची भिंत.

तर झालं असं, की आमच्या चिऊने (वय वर्षं साडेतीन) मागच्या आठवड्यात हळदीचा डबा खाली ओढला, दोन्ही हात आत बुडवले आणि हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर हात पोचेल तिथवर फराटे ओढले. घर भाड्याचं. मी जोरात ओरडलो. ती रडली आणि रडता रडता झोपली. दुसऱ्या दिवशी मी भरपाई म्हणून कागद-खडू पुढे ठेवले, तर म्हणाली, "बाबा, तूच काढ. मला नाही येत."

या वाक्याने मात्र मी हबकलो. कारण हे माझंच वाक्य. आमच्या लहानपणी चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे ज्याला नीट जमलं तो चित्रकार. मला एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली आणि मी ब्रश ठेवला तो कायमचा. (दादा वाचत असेल तर हसू नये. त्याला इंटरमिजिएटला ए होती, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.)

मग रात्री बसून शोधत गेलो, की मुलांनी मनाला येईल ते रंगवायचं, ही कल्पना आली कुठून? एकोणिसाव्या शतकात चित्रकला शिकणं म्हणजे आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग भूमिती, मग समोरच्या नमुन्याची नक्कल. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची ही पद्धत होती आणि १८५७ साली सुरू झालेल्या आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टवरही तिची छाप होती. माझ्या सी ग्रेडचं मूळ बहुधा तिथेच कुठेतरी आहे!

या चाकोरीबाहेर पडणाऱ्यांत पहिलं मोठं नाव व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकचं. तरुणपणी तो एका सुताराच्या घरी राहायचा. त्या घरची पोरं त्याच्या खोलीत यायची, त्याचे रंग घेऊन बसायची, आणि त्याने ती बसू दिली. १८९७ साली त्याने खास मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला. तिथल्या मुलांच्या चित्रांचं १९२० साली लंडनला प्रदर्शन भरलं आणि लोक थक्क झाले. थोडी शंकाही घेतली गेली, की ही सगळी चित्रं एकसारखीच देखणी कशी? मला ती शंका रास्त वाटते. "तुला हवं ते काढ" म्हणताना आपल्याला काय आवडतं ते मुलांना बरोबर कळतं.

पण मला खरी आवडली ती रूथ फेझन शॉ. ही अमेरिकन बाई १९२०च्या दशकात रोममध्ये मुलांची शाळा चालवत होती. एका मुलाचं बोट कापलं, तिने त्याला आयोडीन लावून यायला न्हाणीघरात पाठवलं. बराच वेळ झाला तरी पोरगं परत येईना. जाऊन बघते तर महाशय भिंतीवर बोटांनी आयोडीन फासण्यात रंगलेले. इथवर तिची आणि माझी गोष्ट अगदी एक! मी ओरडलो. ती कामाला लागली आणि पाण्यात कालवलेला, दाट, तोंडात गेला तरी बाधणार नाही असा रंग तिने बनवला. १९३१ साली त्याचं पेटंट घेतलं, १९३४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आज दुकानात फिंगर पेंट म्हणून मिळतो त्याची ही कथा.

व्हिएन्नाचाच व्हिक्टर लोवेनफेल्ड पुढे अमेरिकेत शिकवू लागला. १९४७ सालच्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकाचा रोख नक्कल करण्यावर आणि छापील चित्रात रंग भरण्यावर आहे. पुस्तकातल्या पक्षी रंगवलेल्या मुलाला नंतर स्वतःचा पक्षी सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. मला आमचे चाराच्या आकड्याचे पक्षी आठवले.

अजून मागे जायचं तर फ्रान्समध्ये रूफिन्याकची गुहा आहे. सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी माणसांनी तिथल्या मऊ भिंतींवर बोटांनी रेघा ओढल्या. केव्हिन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर यांनी त्या बोटांच्या ठशांची रुंदी मोजली. त्यातल्या कितीतरी रेघा लहान मुलांच्या निघाल्या, काही तर चिऊच्या वयाच्या पोरांच्या. आणि त्यातल्या काही छतावर आहेत! म्हणजे कुणीतरी त्या पोराला उचलून धरलं असणार. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

रविवारी घरीच रंग केला. कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतलं, ढवळत खळीसारखं दाट होऊ दिलं, गार केलं. तीन वाट्या केल्या. एकीत बीटचा रस, एकीत पालकाचा, तिसरीत हळद (हो, पुन्हा). बाथरूमच्या टाइल्स पुसून ओल्या ठेवल्या आणि चिऊला आत सोडलं. दहा मिनिटं तिने काहीच केलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग मीच पाच बोटं बिटात बुडवून टाइलवर ओढली, वेडीवाकडी. तिने एक बोट लावलं. मग तळवा. मग कोपर. अर्ध्या तासाने खालच्या टाइल्स संपल्या, तेव्हा तिने हात वर केले आणि म्हणाली, "उचल."

कागदावर मात्र अजून "तूच काढ" चालू आहे. घाई करत नाही.

हॉलच्या भिंतीवरची हळद काही जात नाही. उन्हात उडते म्हणतात, पण तिथे ऊन येत नाही. आईने फोनवर सुचवलं, कॅलेंडर लावून टाक. लावून बघितलं. मजकूर वाचायला आता सगळ्यांना जमिनीवर बसावं लागतं.