भेंडी बाजारातलं झाड

शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगणं फार सोपं. पहिली गल्ली, तिसरी गल्ली, पाचवी गल्ली. आकडा सांगितला की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली. आखून वसवलेल्या पेठेला आकडे शोभतातच. पण आकड्याला गोष्ट नसते. गोष्ट असते ती आपसूक पडलेल्या नावाला. आमच्या करवीर तालुक्यातच बघा ना, आंबेवाडी आहे, चिंचवाड आहे. ही नावं कुणी ठराव करून ठेवलेली नाहीत. लोकांनी झाड पाहिलं आणि तीच खूण सांगितली.

अशाच एका नावाची गोष्ट आज सांगायची आहे. त्यात माझी एक चूकही आहे.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागली की माझा एक ठरलेला किस्सा असे. मुंबईत कोटात राहणारे गोरे साहेब क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडच्या वस्तीला ‘बिहाइंड द बझार’ म्हणायचे, म्हणजे बाजाराच्या मागे. आपल्या लोकांनी ते ऐकलं आणि त्याचं केलं भेंडी बाजार! वर्गात हशा पिकायचा. वर्षानुवर्षं मी हा किस्सा सांगितला.

पुढं एक जुना विद्यार्थी मुंबईला नोकरीला लागला. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, “सर, क्रॉफर्ड मार्केटपासून भेंडी बाजारापर्यंत मी रोज चालत जातो. मध्ये पायधुणी लागते. मग बाजाराच्या लगेच मागची पायधुणी सोडून साहेबानं पुढच्या वस्तीलाच मागचं नाव कसं दिलं?”

मी निरुत्तर झालो. ऐकीव गोष्ट मी इतिहास म्हणून खपवली होती.

मग जुनी पुस्तकं काढून बसलो. एडवर्ड्स यांनी संपादित केलेलं मुंबई शहराचं गॅझेटिअर १९०९-१० मधलं. त्यानंतर १९१७ साली शेपर्ड यांनी मुंबईतल्या स्थळांच्या आणि रस्त्यांच्या नावांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. मुंबईच्या नावांचा शोध घेणाऱ्या जुन्या अभ्यासकांनी हे नाव जोडलं आहे ते भेंडीच्या झाडांशी. ही आपली भाजीची भेंडी नव्हे. हा परसभेंडीचा वृक्ष. पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची पानं, पिवळी फुलं, आणि ती कोमेजताना तांबूस होतात. समुद्रकाठच्या गावांतून तो कुंपणालाही लावतात. दोन्ही भेंड्या एकाच कुळातल्या. फुलं पाहिली की नातं लगेच कळतं.

पुस्तक बाजूला ठेवलं तरी शेजारची नावं साक्ष देतात. जवळच उमरखाडी, म्हणजे उंबराची खाडी. चिंचबंदरात चिंच आहे. ताडदेवात ताड आहे. भायखळ्याचं नाव बहुधा बहाव्यावरून पडलं असं मानतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘बायकला’ झालं आणि झाड दिसेनासं झालं. सगळा शेजार असा झाडांचा असताना एकट्या भेंडी बाजारानं आपलं नाव साहेबाकडून उसनं कशाला घ्यावं?

आपण कोल्हापूरकर गाण्याचे शौकीन. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला, त्यांचं घराणं जयपूर-अत्रौली. बहुतेक घराण्यांची नावं अशी गावांवरून पडलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेतून मुंबईला येऊन राहिले, आणि त्यांच्या गायकीला नाव मिळालं भेंडी बाजार घराणं. म्हणजे एका अख्ख्या गायकीच्या नावात एक झाड उभं आहे, आणि आपण तिथं इंग्रजीतला विनोद शोधत बसलो!

साहेबाच्या देशातही असे घोटाळे आहेतच. ओकहॅम नावाचं गाव आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, ओकच्या झाडाचं. पण ते ओक्का नावाच्या माणसाचं गाव. उलट केंट परगण्यातलं सेव्हनओक्स खरोखरच सात ओकांचं. तिथं १९०२ साली, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त, क्रिकेटच्या मैदानाकडेला सात ओक लावले होते. १९८७ च्या ऑक्टोबरातल्या वादळात त्यातले सहा एका रात्रीत कोसळले. लोकांनी तिथं पुन्हा रोपं लावली. गावाच्या नावाला साक्षीदार हवा, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडं साक्षीदार गेला, आणि त्याच्या रिकाम्या जागी एक खोटी गोष्ट येऊन बसली. ती पसरवणाऱ्यांत मीही होतो. भेंडी बाजारात आता जुन्या इमारती पाडून उंच मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या पायथ्याशी चार परसभेंड्या लावल्या तर पुढच्या पिढीतल्या मास्तरांची चूक तरी टळेल.

माझ्या वर्गात बसून त्या किश्शाला हसलेले कुणी हे ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगतो. बाळांनो, तो किस्सा मी मागे घेतो. तुमच्या मुलांना मात्र झाडाची गोष्ट सांगा.