चौकस म्हाताऱ्या

रहस्यकथा म्हटली की आपल्याला आधी शेरलॉक होम्स आठवतो. पण मंडळी, इंग्रजी रहस्यकथेत गुन्हेगारांची झोप उडवणाऱ्या काही म्हाताऱ्याही आहेत, आणि त्या तिथवर कशा पोचल्या तो इतिहास मला होम्सइतकाच वाचनीय वाटतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. ॲना कॅथरीन ग्रीन या लेखिकेनं १८९७ साली 'दॅट अफेअर नेक्स्ट डोअर' या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ ही न्यूयॉर्कमधली अविवाहित, उतारवयाकडे झुकलेली बाई उभी केली. शेजारच्या बंद घरात मध्यरात्री कोण शिरलं हे ती खिडकीतून बघते, आणि मग पोलिसांच्या तपासात मागे म्हणून राहत नाही.

पुढची गोष्ट इंग्लंडची. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे १७ लाखांनी जास्त भरल्या. तफावत आधीही होतीच, महायुद्धानं ती वाढवली. या एकट्या बायकांना वर्तमानपत्रं चक्क 'जास्तीच्या बायका' म्हणत. जणू धान्यातले खडे!

नेमक्या याच काळात लेखिकांनी या 'जास्तीच्या' बायकांना कामाला लावलं. १९२७ साली डोरोथी सेयर्सच्या कादंबरीत लॉर्ड पीटर विम्सी हा हेर मिस क्लिम्पसन या प्रौढ कुमारिकेला पगारावर ठेवतो. कारण काय, तर अशा बाईनं कितीही चौकशा केल्या तरी कुणाला संशय येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल एका मासिकातल्या कथेत अवतरली. १९२८ मध्ये पॅट्रिशिया वेंटवर्थची मिस सिल्व्हर आली. ही तर पूर्वी घरोघरी मुलांना शिकवणारी बाई, म्हणजे आमच्याच व्यवसायातली.

मिस मार्पलच्या आधी ख्रिस्तीबाईंनी १९२६ च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'मध्ये डॉक्टर शेपर्डची बहीण कॅरोलाइन रंगवली होती. घरबसल्या गावाची बित्तंबातमी ठेवणारी. १९२८ साली त्यावर नाटक आलं, तेव्हा नाटकवाल्यांनी कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक देखणी तरुणी घातली. त्याचं वाईट वाटल्याचं ख्रिस्तीबाईंनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय, आणि कॅरोलाइन रंगवतानाच्या आनंदातूनच मिस मार्पल जन्मली असावी, असंही.

मिस मार्पलची पद्धत साधी. समोरच्या माणसाकडे पाहून तिला आपल्या गावातलं कुणीतरी आठवतं, आणि त्यावरून ती याचा स्वभाव ताडते. वर्गात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्याला ही पद्धत नवी नाही. त्याच त्या खोड्या दर वर्षी नव्या चेहऱ्यानं येतात.

मला सर्वांत भिडते ती १९५७ ची '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'. मिसेस मॅगिलिकडी ही वयस्क बाई आगगाडीच्या खिडकीतून शेजारून धावणाऱ्या गाडीतला खून बघते. प्रेत सापडत नाही, म्हणून तिकीट तपासनिसापासून पोलिसांपर्यंत कुणाचाच तिच्यावर विश्वास बसत नाही. म्हातारीला भास झाला असेल! विश्वास ठेवते ती फक्त तिची मैत्रीण मिस मार्पल. खुनी कोण हे कळण्याआधी 'ही खरं बोलतेय' असं म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि ते माणूसही म्हातारंच निघतं.

हेच मला या कथांचं खरं मोल वाटतं. ज्याला जग भोचकपणा म्हणत आलं, त्याला या लेखिकांनी पुराव्याचं मोल दिलं. असो. तुमच्या घरातली आजी खिडकीत बसून काही सांगू लागली, तर निदान पुरतं ऐकून तरी घ्या.