ढोला
कमान किंवा घुमट बांधताना विटा वा दगड जागेवर धरून ठेवण्यासाठी खाली उभारण्यात येणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्यास ढोला म्हणतात. बांधकाम-व्यवसायात त्यास ‘सेंटरिंग’ हा शब्द रूढ आहे. कमानीतील प्रत्येक वीट शेजारच्या विटांच्या दाबाने तोलली जाते. त्यामुळे माथ्यावरील शेवटची वीट बसेपर्यंत कमान स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तोपर्यंत तिचा भार ढोला पेलतो आणि तिचा आकारही तोच ठरवितो.

रोमन स्थापतींनी ढोल्याचा पद्धतशीर वापर केला. दक्षिण फ्रान्समधील पाँ द्यू गार या पहिल्या शतकातील जलसेतूच्या बांधकामात पुढे आलेले दगड अद्यापि दिसतात. ढोला त्यांवर टेकविला जाई; त्यामुळे तो थेट नदीपात्रातून उभारावा लागत नसे. ढोल्याविना बांधकामाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट होय. फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की यांनी तो १४२०–३६ या काळात, जमिनीपासून ढोला न उभारता, विटांच्या विशिष्ट रचनेच्या साहाय्याने बांधला.

ढोला उभारण्याइतकेच तो उतरविणेही जोखमीचे असते. तो काढताच कमान किंचित खाली बसते व तिचा रेटा दोन्ही बाजूंच्या खांबांवर येतो. फ्रेंच अभियंते झां रोदॉल्फ पेरॉने यांनी पॅरिसनजीकच्या नयी येथील पुलास बारीक खांब योजिले होते. शेजारच्या कमानींचे रेटे परस्परांना तोलून धरत असल्याने सर्व कमानी पूर्ण होईपर्यंत ढोले ठेवणे भाग होते. १७७२ मध्ये पंधरावा लुई याच्या उपस्थितीत ते उतरविण्यात आले.

घाईचे परिणाम इंग्लंडमधील मेडनहेड येथे दिसून आले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी इझमबार्ड किंगडम ब्रूनेल यांनी टेम्स नदीवर आखलेल्या या पुलाच्या दोन मुख्य कमानी विटांच्या असून प्रत्येकीचा गाळा सु. ३९ मी. व उंची अवघी ७·३ मी. आहे. इतक्या सपाट कमानी टिकतील काय, याविषयी अनेकांना शंका होती. १८३८ मध्ये चुना-सिमेंट पुरेसे घट्ट होण्यापूर्वीच ढोला सैल करण्यात आला आणि पूर्वेकडील कमानीत विटांचे थर एकमेकांपासून सुटले. दुरुस्तीनंतर ढोले दीर्घकाळ जागेवर ठेवले गेले. १८३९ मधील वादळात ते कोसळले. कमानी मात्र अभंग राहिल्या. त्यांवरून आजही रेल्वेवाहतूक चालते.

ढोला सावकाश व सर्वत्र सारखा उतरावा म्हणून त्याखाली लाकडी पाचरांच्या जोड्या ठेवतात. मोठ्या पुलांसाठी एकोणिसाव्या शतकात वाळूने भरलेल्या पेट्याही प्रचारात आल्या. आधुनिक इमारतींत विटांचे दर्शनी आवरण पुष्कळदा पोलादी आधारावर पेललेले असते. तथापि त्यातील कमानीचा आकार साधण्यासाठी प्लायवुडचा लहान ढोला अजूनही वापरतात.