डोलकाठीचं झाड

आमच्या भोर-वेल्ह्याला समुद्र नाही. तरी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढे आरमार उभं राहू लागलं, तेव्हा राजधानी होती वेल्ह्यातला राजगड!

आजच्या लहान मोटरबोटीची काठी बहुधा दिव्या-झेंड्यापुरती. पूल आला की दोघांनी आडवी करायची, पलीकडे गेलं की पुन्हा उभी. इंजिन चालूच. गलबताचं तसं नव्हे. डोलकाठी मोडली की शीड गेलं, मग वल्ही मारत बसा. तिला सरळ, उंच झाडच लागे.

मंडळी, हे झाड कुणाचं? रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र याबाबत फार स्पष्ट आहे. आरमारासाठी सागवान वगैरे तोडायचा तो हुजूरची परवानगी घेऊन. जास्त लागेल ते परमुलखातून विकत आणायचं. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली. एखादं अगदीच जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडायचं. बळजबरी नाही.

लढायांच्या धड्यात हे येत नसे. मी वर्गात वेगळं सांगत असे, आणि मागच्या बाकावरची शेतकऱ्यांची पोरं तेव्हा हमखास जागी असत.