आरामशीनवर करवतीपेक्षा जास्त काम असतं लाकूड हलवण्याचं! ते करणारी यंत्रं कोणती आणि ती चालतात कशी?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून झरी जामणी तालुका आहे. मुकुटबनपासून पांढरकवड्यापर्यंतचा हा पट्टा सागाच्या पानझडी जंगलाचा. या भागात दाराची चौकट असो की पलंग, सागवानाला पहिली पसंती असते. ते लाकूड जिथे चिरलं जातं, त्या जागेला सरकारी कागदावर 'आरागिरणी' म्हणतात, बोलताना मात्र 'आरामशीन'.

आरामशीन म्हटलं की डोळ्यांसमोर येते गरगर फिरणारी करवत. पण एक ओंडका ट्रकमधून उतरल्यापासून त्याच्या फळ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत चढेपर्यंत काय काय होतं, ते मोजून बघा. ट्रकमधून उतरवणं, आवारात रचणं, करवतीपर्यंत आणणं, ट्रॉलीवर चढवणं, फिरवणं, दुसऱ्या मशीनवर नेणं, कडा कापायला देणं, फळ्या रचणं आणि पुन्हा गाडीत भरणं. म्हणजे लाकूड निदान नऊ वेळा हलतं. त्यात प्रत्यक्ष चिरण्याचा वेळ काही मिनिटांचाच. मजुरी, वेळ आणि धोका, या तिन्हींचा मोठा वाटा या हलवण्यात आहे.

एक ओंडका किती जड असतो?

३ मीटर लांब आणि मध्यभागी दीड मीटर घेराचा सागाचा ओंडका घेऊ. लाकडाच्या व्यापारात त्याचं माप काढण्याची जुनी रीत अशी: घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. उत्तर येतं ०.४२ घनमीटर, म्हणजे जवळपास १५ घनफूट.

पण हे खरं आकारमान नाही. साल आणि चिरताना होणारी घट गृहीत धरून ही रीत मुद्दाम कमी माप दाखवते. गोलाच्या सूत्राने हिशेब केला तर हाच ओंडका ०.५४ घनमीटर भरतो. म्हणजे कागदावरचं माप खऱ्यापेक्षा सुमारे २१ टक्के कमी असतं.

खरेदी-विक्रीत हे चालतं. पण क्रेनवाल्याने बिलावरचं माप बघून वजनाचा अंदाज बांधला, तर तो चुकणारच. हा ओंडका पूर्ण वाळलेला असेल तर साधारण ३५० किलोचा, ताजा तोडलेला असेल तर ५०० किलोच्या आसपास. चार माणसांनी मिळून उचलायचं हे वजन नाही.

यंत्रं येण्याआधी काय होतं?

हत्ती, बैल आणि पहार. गडचिरोली जिल्ह्यातल्या कमलापूरच्या सरकारी हत्ती कॅम्पमधले हत्ती पूर्वी जंगलातून लाकूड ओढून आणण्यासाठी वापरले जात. आज हे काम ट्रॅक्टर आणि ट्रक करतात. तोडलेला माल आधी डेपोत जातो. तिथे लांबी, घेर आणि प्रतीनुसार ओंडक्यांच्या थप्प्या लावून लिलाव होतो. बल्लारपूरचा डेपो यासाठी ओळखला जातो. अयोध्येच्या राम मंदिरासाठी सागवानाची पहिली खेप मार्च २०२३ मध्ये इथूनच रवाना झाली होती.

डेपोत आणि मोठ्या आरागिरण्यांच्या आवारात ओंडके उचलायला 'हायड्रा' म्हणून ओळखली जाणारी चाकांवरची क्रेन वापरतात. लहान गिरणीत तिची जागा चेन पुली घेते. लोखंडी चौकटीवर टांगलेल्या चेन पुलीने एक माणूस अर्धा टन वजन उचलू शकतो, फक्त सावकाश. साखळी बरीच ओढावी लागते, तेव्हा ओंडका थोडासा वर येतो. जास्त अंतर ओढून कमी ताकदीत काम भागवायचं, असा हा व्यवहार आहे.

ओंडका करवतीपर्यंत कसा जातो?

मोठ्या गिरणीत करवतीच्या अलीकडे एक उतरता मंच असतो. त्यावर ओंडके शेजारी शेजारी ठेवतात आणि साखळ्या त्यांना पुढे सरकवतात. टोकाला लोखंडी अडसर असतो. तो एका वेळी एकच ओंडका सोडतो. दोन ओंडके एकदम घरंगळले तर मशीनही मोडेल आणि माणूसही, म्हणून हा अडसर महत्त्वाचा.

पुढे येते ट्रॉली. रुळांवर पुढे-मागे धावणाऱ्या या गाडीवर ओंडका बसवून दातेरी पकडींनी घट्ट धरतात. ट्रॉली पुढे गेली की उभ्या पट्टा-करवतीतून एक फळी निघते. मागे आली की फळीच्या जाडीइतका ओंडका करवतीकडे सरकवतात. आपल्याकडच्या अनेक गिरण्यांत हे सरकवणं दांडा ओढून हाताने होतं. आधुनिक यंत्रात ते मोटर आणि संगणक करतात. ओंडका फिरवायला तिथे हायड्रॉलिक हात असतात, इथे पहार आणि अनुभव.

फळी निघाल्यावर पुढे काय?

इथून 'कन्व्हेयर' म्हणजे वाहक यंत्रणेचं काम सुरू होतं. तिचे मुख्य प्रकार तीन.

रोलर: लोखंडी चौकटीत बसवलेल्या फिरत्या नळ्या. थोडा उतार दिला की फळी ढकलल्याबरोबर पुढे जाते. वीज लागत नाही.

साखळी: फळी आडवी सरकवायची असेल तर समांतर साखळ्या वापरतात. एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर माल नेण्यासाठी ही सोय.

पट्टा: रबरी पट्टा भुसा आणि छोटे तुकडे वाहून नेतो. भुसा ओढून घ्यायला ब्लोअर आणि नळ्याही वापरतात.

कडा आणि टोकं कापून झाली की मोठ्या गिरणीत फळ्या एका लांब साखळीवर येतात. पूर्वी तिच्या दोन्ही बाजूंना कामगार उभे राहून जाडी-लांबीनुसार फळ्या ओढून घेत. कॅनडा, स्वीडन, फिनलंडमधल्या मोठ्या गिरण्यांत आता स्कॅनर फळी मोजतो आणि यंत्र तिला योग्य कप्प्यात टाकतं. कप्पा भरला की दुसरं यंत्र थरावर थर ठेवून थप्पी लावतं.

थप्पी लावण्यात एवढं काय विशेष?

ताज्या चिरलेल्या फळीत भरपूर पाणी असतं. ते किती सावकाश आणि किती सारखं निघतं, यावर फळीची किंमत ठरते. फळ्या एकमेकींवर थेट रचल्या तर हवा खेळत नाही, बुरशी येते. उन्हात तशाच टाकल्या तर टोकं तडकतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा धोका सगळ्यात जास्त.

म्हणून दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या, साधारण एक इंची पट्ट्या ठेवतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर दीड ते दोन फूट. वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी, नाहीतर मधल्या फळ्या वाकतात. थप्पी जमिनीपासून फूटभर उंच, सावलीत, आणि वर वजन ठेवलेली हवी. टोकांना रंग किंवा मेण लावलं तर तडे कमी जातात. लाकूड वाळवण्यासाठी भारतीय मानक आयएस ११४१ उपलब्ध आहे. थप्पी लावणारं स्वयंचलित यंत्र नेमकं हेच नियम पाळतं. माणसानेही ते पाळता येतात, खर्च फक्त पट्ट्यांचा.

मग आपल्याकडे सगळं स्वयंचलित का नाही?

पहिलं कारण कच्चा माल. स्वयंचलित यंत्रांना एकसारखे, सरळ ओंडके आणि तेही सतत लागतात. परदेशात पाइन, स्प्रूसची झाडं तशी मिळतात. आपल्याकडे एकाच दिवशी जाड सागवान, वाकडं बाभळीचं लाकूड आणि शेतातल्या कडुनिंबाचा ओंडका येऊ शकतो.

दुसरं कारण कायदा. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी जंगलतोडीवर कडक बंधनं घातली. पुढे २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नव्या आरागिरण्यांना मंजुरी देण्यास मनाई झाली. केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हा निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे दिला. जंगलात जेवढं लाकूड आहे, तेवढीच चिरण्याची क्षमता असावी, हा त्यामागचा विचार. माल मर्यादित असेल तर कोट्यवधींची यंत्रणा परवडत नाही.

यात कामगाराचं काय?

अपघात म्हटलं की करवत आठवते. पण घरंगळणारा ओंडका, ढासळणारी थप्पी आणि साखळी-रोलरच्या सांध्यात अडकलेला हात, हे धोकेही तेवढेच गंभीर आहेत. उन्हासाठी गळ्यात घेतलेला दुपट्टा फिरत्या साखळीजवळ जिवावर बेतू शकतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची तरतूद होती. इजा होईल एवढं वजन कामगाराला उचलायला लावू नये, असं कलम ३४ सांगत होतं. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मूळ कायद्यात किमान १० कामगारांची अट होती. चार-पाच जणांवर चालणारी गिरणी त्यात बसतच नव्हती.

त्यामुळे लहान गिरणीत सुरक्षितता मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातात राहते. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. ओंडक्यांच्या रांगेला दोन्ही बाजूंनी लाकडी ओट, उचलायला चेन पुली, करवतीपुढे चार-सहा रोलर, साखळ्यांवर जाळी आणि हाताशी येईल असं मशीन बंद करण्याचं बटण. ओंडका टांगलेला असताना खाली कुणी उभं राहायचं नाही आणि अडकलेली फळी मशीन पूर्ण बंद केल्याशिवाय काढायची नाही, हे दोन नियम तर फुकट आहेत.

आणि तुम्ही पुढच्या वेळी चौकटीसाठी सागवान घ्यायला गेलात, तर करवत बघण्याआधी थप्पी बघा. थरांमध्ये पट्ट्या आहेत का, त्या एका रेषेत आहेत का, माल सावलीत आहे का? तिथे काळजी घेतलेली दिसली, तर तुमचं दार पावसाळ्यात वाकण्याची शक्यता कमी.