विजेच्या मुंग्या

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. सदऱ्याची बाही चढवताना जीव जायचा. फिजिओथेरपिस्ट ताईंनी खांद्याला चार पट्ट्या चिकटवल्या, यंत्राचं बटण फिरवलं आणि आत मुंग्या धावू लागल्या. हळूहळू ठणका ओसरला. पडल्या पडल्या मनात आलं, दुखण्यावर वीज लावायचं पहिल्यांदा सुचलं कुणाला?

उत्तर समुद्रात सापडतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं लिहून ठेवलंय : डोकं दुखत असेल तर जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवा; पायाला गाऊट असेल तर किनाऱ्यावर त्या माशावर उभं राहा, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. हा मासा विजेचा झटका देतो. वीज म्हणजे काय हे वैद्यबुवांना ठाऊक नव्हतं. आराम पडतो, एवढं ठाऊक होतं. नाईल नदीतल्या अशाच एका माशाला अरबीत ‘रअ्आद’ म्हणतात आणि ढगांच्या गडगडाटाला ‘रअ्द’. दोन्ही शब्द एकाच धातूचे. माझ्यातला कवी सुखावला!

१७४६च्या सुमारास वीज काचेच्या बरणीत साठवता येऊ लागली आणि अर्धांगाच्या रोग्यांना आशा वाटू लागली. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडे लांबलांबून रोगी येत. सहा-सहा गॅलनच्या दोन बरण्यांचा झटका तो दिवसातून तीनदा लुळ्या अवयवाला देई. पहिल्या दिवशी मांडीवरून न उचलणारा हात दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच वर येई. पाचव्या दिवशी रोगी डोक्यावरची टोपी काढी. पण पुढं सुधारणा थांबे. रोगी हिरमुसून घरी जात आणि हात पुन्हा पडे. १७५७च्या पत्रात फ्रँकलिननं हे अपयश सरळ कबूल केलंय. वर शंकाही घेतलीय, की थोडाफार गुण आला तो विजेचा, की रोज माझ्या घरापर्यंत येण्यात झालेल्या व्यायामाचा, की आशेचा? एवढ्या मोठ्या माणसाचा हा प्रामाणिकपणा मला त्याच्या पतंगापेक्षा मोठा वाटतो.

मुंग्यांनी ठणका का दबतो, याचा पटणारा खुलासा १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडला. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाच्या संवेदनांची गर्दी झाली की वेदनेला वाट अडते. त्यातूनच आजची ‘टेन्स’ यंत्रं पुढं आली.

फ्रँकलिनची गोष्ट मी ताईंना ऐकवली. त्या हसल्या, पट्ट्या काढल्या आणि म्हणाल्या, “काका, दुखणं कमी आहे तोवर उठा. बोटं भिंतीवर चालवत वर न्या.”

भिंतीवर कालची पेन्सिलची खूण होती. बोटं तिच्या दोन इंच वर गेली.